भोपळा, ग्रहण आणि नातवाचा ओठ

सिस्टर, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. सातवी शिकलेय. नातू कोजागिरीला झाला, पूर्ण दिवसांचा. जन्मला तेव्हा दोन किलो सहाशे होता, आता तीन महिन्यांचा आहे आणि तीन किलो आठशे भरतो. त्याचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकापर्यंत फाटलेला आहे. आत टाळूही उघडी आहे. दूध नाकातून बाहेर येतं, पाजताना हात कापतात.

गाव म्हणतं, सुनेनं ग्रहण पाळलं नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी चंद्रग्रहण होतं. तिला नववा लागला होता. दुपारपासून वेध होते. थोरला मुलगा गणपती करून रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत निघाला होता, त्याच्या डब्याला भाजी हवी होती. तिनं विळीवर लाल भोपळा चिरला आणि ते शेजारणीनं पाहिलं. पण सिस्टर, चिरायला तिला मीच सांगितलं होतं. वेधाचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. हे कुणालाच माहीत नाही. ती बोलली नाही, मीही बोलले नाही. आता ती माझ्याशी कामापुरतं बोलते. बाळाला बाहेर काढत नाही, काढलंच तर कुंची तोंडावर ओढून. पहिली संक्रांत म्हणून बोरन्हाणाचा विषय काढला तर म्हणाली, 'गावाला तमाशा दाखवायचाय का?'

हे माझ्यामुळे झालं का? डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात, पण एवढ्या कोवळ्या जिवाला भूल कशी द्यायची? जरा मोठा झाल्यावर नाही का चालणार? आणि पुढचं मूलही असंच होईल का?

– एक आजी

ताई,

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. नाही, तुमच्यामुळे झालेलं नाही. सुनेमुळे नाही, भोपळ्यामुळे नाही आणि ग्रहणामुळेही नाही. हे तुमचं मन राखायला म्हणत नाही. मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी तीस वर्षं काढली आहेत आणि तुमचाच प्रश्न इतक्या आज्यांनी, इतक्या आयांनी विचारलाय की उत्तर देताना मी आता सरळ तारखाच मांडते. गेल्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवर असेल तर समोर घ्या.

नातू कोजागिरीला झाला, म्हणजे ६ ऑक्टोबर २०२५ ला. पूर्ण दिवसांचा होता. त्यावरून मागे मोजत गेलं तर सूनबाईंची शेवटची पाळी २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आली असणार आणि गर्भ राहिला असणार तो संक्रांतीच्या सुमारास. वरचा ओठ घडतो गर्भ राहिल्यापासून चौथ्या ते सातव्या आठवड्यात. म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा पहिला. मध्ये २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे, तिच्यावर बोट ठेवा. टाळू त्यानंतर मिटत जाते आणि गुढीपाडव्याच्या आसपास तिचंही काम संपतं.

आता पानं उलटत सप्टेंबरवर या. ग्रहण ७ तारखेला रात्री लागलं. तोवर नातवाचा ओठ जसा व्हायचा तसा होऊन सहा महिने उलटले होते. तुम्ही भोपळा हातात दिलात तेव्हा तो पोटात जवळजवळ पूर्ण वाढलेला होता आणि त्याचा ओठ आज आहे तसाच होता. मे महिन्यात सोनोग्राफी झाली असेल तेव्हाही तसाच होता. रिपोर्टमध्ये आला नाही, कारण कधी बाळाचा हात तोंडावर असतो, कधी ते पाठ करून असतं आणि टाळू तर सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही. त्यासाठी कुणावर रागावू नका. दिसला असता तरी पोटात काही करता आलं नसतं.

आता आरशासमोर उभ्या राहा आणि नाकाखाली बोट लावा. मधोमध एक पन्हळ लागेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना उचललेल्या दोन उभ्या कडा. ती पन्हळ मलाही आहे, तुमच्या शेजारणीलाही आहे. पोटात चेहरा एकदम सगळा तयार होत नाही. कपाळाकडून एक भाग खाली येतो, दोन्ही गालांकडून दोन भाग मध्ये सरकतात आणि नाकाखाली त्यांची गाठ पडते. कडेला कड चिकटते, सांधा बुजतो आणि वरून एकसारखी कातडी दिसायला लागते. तुमच्या बोटाला लागलेल्या कडा त्या सांध्याच्याच जागा आहेत. हे सगळं घडत असतं तेव्हा तो जीव हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो. पाळी चुकून दोन ते पाच आठवडे झालेले असतात. कित्येक बायकांनी तोवर घरात सांगितलेलंही नसतं.

तुमच्या नातवाच्या डाव्या बाजूला ती गाठ पडायची राहिली. म्हणून मला 'फाटलेला ओठ' हा शब्द आवडत नाही. फाटायला वस्तू आधी अखंड असावी लागते. हा ओठ कधी अखंड नव्हता, त्याला कुणी चिरलेलं नाही. कातडी तिथेच आहे, स्नायूही तिथेच आहे, फक्त दोन काठांना आहेत. डॉक्टर ऑपरेशनमध्ये काय करतात ते पुढे सांगेन तेव्हा हे आठवा.

गाठ का पडली नाही? बहुतेक घरांत एका कारणावर बोट ठेवता येत नाही. काही भाग आईवडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांचा असतो, काही त्या तीन-चार आठवड्यांतल्या परिस्थितीचा. फॉलिक अ‍ॅसिड कमी पडणं, विडी-सिगरेटचा धूर, दारू, आधीपासून असलेला आणि ताब्यात नसलेला मधुमेह, फिट्सवरची काही औषधं, यांनी शक्यता वाढते. पण यातलं काहीही नसलेल्या आईचंही बाळ असं जन्मतं आणि हेच जास्त दिसतं. तेव्हा ही यादी हातात घेऊन सुनेची उलटतपासणी सुरू करू नका. आपल्याकडे सातशे ते हजार जन्मांमागे एक बाळ असं असतं. देशभरात वर्षाला तीस हजारांच्या घरात. ७ सप्टेंबरच्या त्या रात्री भारतात कोटीभर तरी बाया पोटुशी असतील. किती जणींनी चिरलं असेल, कापलं असेल, शिवलं असेल. ग्रहणानं ओठ कापले असते तर त्यानंतरच्या दोन महिन्यांत गावोगावचे पाळणे अशा बाळांनी भरले असते.

आणि ही समजूत काही आपल्याकडेच नाही. पार मेक्सिकोतही ग्रहणामुळे बाळाचा ओठ असा होतो असं मानतात, तिथली गर्भार बाई पोटाशी धातूची पिन लावते. युरोपात म्हणायचे की गर्भारणीला ससा आडवा गेला की असा ओठ होतो. इंग्रजीत या ओठाचं जुनं नावच सशावरून पडलेलं आहे. माणसाला कारण हवं असतं आणि बाईच्या वागण्यात ते चटकन सापडतं. वेध पाळणं हा तुमच्या श्रद्धेचा भाग असेल तर तुम्ही जरूर पाळा. एवढंच सांगते की पुढे कधीही गर्भारणीला त्यासाठी दिवसभर उपाशी, बिनपाण्याची बसवू नका. त्यानं मात्र खरंच अपाय होतो.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला लागेल. तरी सांगते, कारण तुम्ही जे कुणालाच सांगितलं नाही ते मला लिहिलंत.

भोपळा चिरायला सांगितलात यात तुमचा काही दोष नाही. पण तीन महिने गाव सुनेला बोलत होतं, तिनं कुणाच्या सांगण्यावरून चिरला हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प राहिलात. हे मात्र तुमच्या हातून झालं. आणि तिचं बघा. ओली बाळंतीण, मांडीवर असं बाळ, नाकातून येणारं दूध, त्यात भावकीचे टोमणे. एक वाक्य बोलली असती तर सगळा रोख तुमच्याकडे वळला असता. ती बोलली नाही. तुमचं नाव तिनं तीन महिने झाकून ठेवलंय, ताई. ती तुमच्याशी कामापुरतं बोलते याचं तुम्हाला दुःख वाटतं, पण ती अजून बोलते याचं मला नवल वाटलं.

आज दुपारी, बाळ झोपलेलं असताना, तिच्याजवळ जाऊन बसा. म्हणा, 'पोरी, भोपळा चिरायला तुला मी सांगितलं होतं. लोक तुला बोलत होते तेव्हा मी गप्प बसले. माझं चुकलं.' एवढं म्हणून थांबा. ती रडेल, चिडेल, उठून आत जाईल, जे करील ते करू द्या. ग्रहणाचा आणि ओठाचा संबंध नाही, तारखांचं गणित, हे सगळं नंतर, ती विचारील तेव्हा किंवा रात्री जेवताना. क्रम उलटा करू नका. आधी ग्रहण खोटं म्हणालात तर तिला वाटेल की सासूबाई स्वतःला सोडवून घेताहेत.

मग मुलाला सांगा. आणि मग जिथे तिच्याबद्दल बोललं गेलं तिथेच, त्याच बायांसमोर सांगा. संक्रांत झाली आहे, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालू असतील. चार जणी वाण घेऊन बसल्या असतील तिथे मोकळ्या आवाजात म्हणा की डॉक्टरांनी सांगितलंय, ओठ दुसऱ्या महिन्यातच तसा होता आणि भोपळा मी चिरायला लावला होता. सुनेनं हेच सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. तुमचं ऐकतील.

आता बाळाकडे वळू, कारण तिथे घाई आहे.

घाई ऑपरेशनची नाही, वजनाची आहे. तीन महिन्यांत बाराशे ग्रॅम वाढलं हे कमी आहे. या वयात दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे आतापर्यंत अजून किलोभर तरी जास्त भरायला हवा होता. बाळाला भूक नाही असं नाही, त्याला ओढता येत नाही. टाळू म्हणजे आपण तेल भरतो ती डोक्याची नव्हे, तोंडाच्या आतला घुमट. तो उघडा असला की तोंड बंद डब्यासारखं होत नाही, हवा नाकातून शिरते आणि चोखलेलं दूध येतच नाही. बाळ अंगावर तासभर लागून राहतं, दमतं आणि अर्धपोटी झोपतं. नुसता ओठ असता तर बहुतेक बाळं अंगावर नीट पितात. तुमच्या नातवाची टाळूही उघडी आहे, म्हणून दूध काढूनच पाजावं लागेल.

सुनेला स्वच्छ वाटीत दूध काढू द्या. ते साध्या हवेत चार तास चांगलं राहतं. माळ्यावर जुनं बोंडलं असेल तर काढा, त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही. आतल्या कडा नीट घासता येतात ना ते बघा आणि प्रत्येक वेळी उकळून घ्या. नसेल तर लहान वाटी-चमचा. बाळाला आडवं पाजू नका. मांडीवर जवळजवळ बसतं करा, मान तुमच्या डाव्या हाताच्या कोपरात, पाठ सरळ. बोंडल्याची चोच त्याच्या उजव्या गालाच्या बाजूला, म्हणजे चांगल्या बाजूला टेकवा आणि थोडंसं ओता. थांबा. गिळल्याचा गळ्यात हलका आवाज होतो, तो ऐकू आला की पुढचा घोट. अशी बाळं दुधाबरोबर हवा पुष्कळ गिळतात, म्हणून सात-आठ घोटांनंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढा. एक पाजणं अर्ध्या तासात उरकलं पाहिजे, नाहीतर जेवढं प्यायला तेवढं श्रमातच जातं. दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी. पोट भरल्यावर सुनेच्या अंगाशी लावा, चोखू द्या. ते दुधासाठी नाही, दोघांच्या समाधानासाठी.

नाकातून दूध आलं की घाबरून पाजणं थांबवू नका. नाक आणि तोंड यांच्यामध्ये पडदा नाही, म्हणून ते वर येणारच. मऊ कापडानं टिपा, बाळाला आणखी थोडं उभं करा आणि पुढे चालू ठेवा. पण खोकला थांबेना, ओठ निळसर झाले, छाती आत ओढली जाऊ लागली तर मात्र वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा.

हे काम तुम्ही शिकून घ्या. पहाटेचं आणि दुपारचं पाजणं तुमच्याकडे घ्या. तीन महिने ही पोरगी रात्री नीट झोपलेली नाही. तुम्ही काहीच लिहिलेलं नाही तरी मी सांगू शकते, कारण अशा बाळाची आई झोपत नाही. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच दिवशी वजन करून वहीत लिहा. आशाताईंकडे काटा असतो. लसीही वेळेवर देत राहा.

ऑपरेशनबद्दल. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत करतात. आमच्याकडे दहाचा नियम म्हणत: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन दहा. वय झालंय, वजन आणि रक्त व्हायचंय. भूल देण्यातली जोखीम डॉक्टरांना ठाऊक असते, म्हणूनच तर हे आकडे भरेपर्यंत ते थांबतात. सर्दी-खोकला असला तरी तारीख पुढे ढकलतात. लहान मुलांना भूल देण्याची सवय असलेले भूलतज्ज्ञ आहेत का, एवढं तुम्ही जरूर विचारा. तो प्रश्न विचारल्याचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

मघाशी म्हटलं ना, सगळं तिथेच आहे. तोंडाभोवती स्नायूचं एक कडं असतं, ते नातवाच्या डाव्या बाजूला तुटकं आहे, दोन टोकं नाकाच्या तळाशी भलतीकडे चिकटलेली आहेत. सर्जन ती टोकं सोडवतात, कडं पूर्ण करतात, वर ओढला गेलेला काठ फिरवून खाली आणतात आणि पलीकडचा काठ पुढे सरकवून त्याला भिडवतात. ही फिरवण्या-सरकवण्याची पद्धत मिलार्ड नावाच्या अमेरिकन सर्जननी १९५५ साली मांडली, आजही तिच्याच निरनिराळ्या तऱ्हा वापरतात. वण राहतो. पहिले काही महिने तो लाल आणि कडक दिसतो, मग फिकट होत जातो. घरी येऊन आठ दिवसांत आरशाशी तुलना करू नका.

दोन गोष्टी आजी म्हणून तुम्हाला जड जातील, आधीच सांगून ठेवते. ऑपरेशनच्या आधी बाळाला काही तास दूध द्यायचं नसतं. आईचं दूध साधारण चार तास आधी बंद करतात, वरचं दूध असेल तर त्याहून जास्त. नेमकं किती ते भूलतज्ज्ञ सांगतील. बाळ आक्रोश करील आणि तुमचं काळीज हलेल. वॉर्डात मी आज्यांच्या पदराखालून वाट्या काढून घेतल्या आहेत. भूल दिल्यावर पोटातलं दूध वर येऊन फुफ्फुसात गेलं तर बाळाच्या जिवावर बेततं. चमचाभरही नाही, मधाचं बोटही नाही. दुसरं, ऑपरेशननंतर काही दिवस बाळाच्या कोपरांना पुठ्ठ्याच्या किंवा फळीच्या पट्ट्या बांधतात, हात तोंडाकडे जाऊन टाके उसवू नयेत म्हणून. 'बांधून ठेवलंय लेकराला' म्हणून त्या सोडू नका.

आणखी एक. ऑपरेशन होऊन बाळ हातात आलं की सुनेला आनंद होईल आणि त्याच दिवशी रडूही येईल. तीन-चार महिने जे हसू तिनं पाहिलं ते रुंद, नाकापर्यंत जाणारं हसू नाहीसं झालेलं असतं. कित्येक आया मला हळूच म्हणाल्या आहेत की सिस्टर, माझं पहिलं बाळ कुठं गेलं. तिनं असं काही म्हटलं तर 'बरं झालं की आता' असं म्हणून तिला गप्प करू नका.

मोठा झाल्यावर करता येईल का? करता येतं, पण करू नये. ओठ थांबला तर दिसण्याचा प्रश्न उरतो, टाळू थांबली तर बोलण्याचा. टाळू नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान जुळवतात, मूल नीट बोलायला लागायच्या आत. प, ब, त, ट, क म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. घुमट उघडा असला की ती नाकातून निसटते आणि 'बाबा'चं 'मामा' होतं. मूल मग त्यातून वाट काढतं, अक्षरं घशातून काढायला शिकतं आणि ती सवय पक्की झाली की नंतर टाळू कितीही चांगली शिवा, जीभ जुन्याच वाटेनं जाते.

मला एक मुलगी आठवते, चौदा वर्षांची. जन्मल्यावर एका डॉक्टरांनी 'मोठी झाल्यावर बघू' म्हटलं होतं, किती मोठी ते कुणी सांगितलं नाही आणि घरच्यांनी विचारलं नाही. ऑपरेशन चांगलं झालं. ओठ छान बसला, टाळू मिटली. पण गेंगाणं बोलणं राहिलं. ती शाळेत हजेरीला 'हजर' म्हणत नसे, हात वर करत असे. नवीन बाई आल्या की पहिले काही दिवस तिची गैरहजेरी लागायची. हुशार मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. तिला तिसऱ्या वर्षी स्पीच थेरपिस्टकडे बसवलं असतं तर, असं मला अजून वाटतं. म्हणून टाळूनंतर नातवाचं बोलणं तपासून घ्या, तज्ज्ञ सांगतील तितके दिवस घरी सराव घ्या. कानही तपासा. टाळूचे स्नायू कानाची नळी उघडायचं काम करतात, ते नीट नसले की पडद्यामागे पाणी साचतं आणि मूल कमी ऐकतं. हाक मारल्यावर वळत नाही म्हणजे हट्टी आहे असं समजू नका. पुढे दात, आठ-दहाव्या वर्षी हिरडीत हाड भरणं, मोठेपणी हवं असेल तर नाक, हे टप्पे येतील. त्यांचं ओझं आजच डोक्यावर घेऊ नका.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असेलच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून सरकारी योजना आहे, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच ती सुरू झाली. ओठ आणि टाळू तिच्यात धरलेले आहेत, उपचार मोफत. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा, ते जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे, म्हणजे लहान मुलांच्या जन्मजात व्यंगांवर उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतील. स्माइल ट्रेन ही संस्थाही तिच्याशी जोडलेल्या रुग्णालयांमधून ही ऑपरेशनं फुकट करून देते. जिथे जाल तिथे एवढं बघा की ओठ, टाळू, कान, दात आणि बोलणं हे बघणारी माणसं एका ठिकाणी किंवा एकमेकांच्या संपर्कात आहेत.

पुढचं मूल. घरात आधी कुणाला नसेल तर पुढच्या बाळाला असं होण्याची शक्यता शंभरात तीन ते पाच. म्हणजे शंभरातली पंचाण्णव किंवा जास्त बाळं नीट होतात. एक गोष्ट मात्र बघून ठेवा: मुलाच्या, सुनेच्या किंवा नातवाच्या खालच्या ओठावर सुईनं टोचल्यासारखे दोन बारीक खळगे आहेत का? असतील तर डॉक्टरांना दाखवा, कारण तो एक वेगळा, घराण्यात उतरणारा प्रकार असतो आणि त्यात शक्यता निम्म्यापर्यंत जाते. नसतील तर पुढचा विचार करण्याआधी महिनाभर तरी सुनेनं फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करावी, किती मात्रेची ते डॉक्टर ठरवतील. पाळी चुकल्यावर सुरू करून ओठासाठी उशीर झालेला असतो, हे आता तुम्हाला कॅलेंडरवरून कळलंच आहे.

आणि बोरन्हाण. करायचं. मात्र सुनेला 'लोक काय म्हणतील याची पर्वा करू नको' असं सांगू नका, तीन महिने लोकांचं तिनं एकटीनं ऐकलंय. आधी तुमची माफी, मग बायांसमोरचं तुमचं बोलणं, ते झाल्यावर विचारा. ती तरीही नको म्हणाली तर घरातल्या घरात करा, पण कुंची न ओढता. काळं झबलं शिवा, हलव्याचे दागिने घाला, आजी म्हणून तुम्ही मांडीवर घेऊन बसा आणि फोटो काढा, समोरून, पूर्ण चेहऱ्याचा. हे बाळ मोठं होऊन विचारणार आहे की मी लहानपणी कसा होतो. तेव्हा दाखवायला काहीच नसलं तर त्याला कळतं की आपल्याला लपवलं होतं.

आळीतली पोरं ओरडत येतील, बोरं-चुरमुरे उधळतील. एक चुरमुरासुद्धा त्याच्या उघड्या टाळूत अडकू शकतो, म्हणून डोक्यावर तुम्हीच हलक्या हातानं ओता, दुसरा हात कपाळाशी आडवा धरा, तोंडाशी काही येऊ देऊ नका. बोरं आणि उसाचे करवे पोरांच्या ओंजळीत द्या. आणि त्याआधी अर्धा तास तरी दूध पाजून ढेकर काढलेली असू द्या.

तुमची,
सिस्टर